सुरगाठ, निरगाठ आणि हवेतला कार्बन

एक ग्रॅम भुकटी म्हणजे जेमतेम चिमूटभर. तिच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून अंथरल्या, तर ५,६०० चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्या मापात सांगायचं तर एक एकर पंधरा गुंठे. चीनमधल्या जिलिन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हा पदार्थ जगापुढे आणला. त्याचं नाव पीएएफ-१.

त्याचा आराखडा हिऱ्यावरून घेतलेला आहे. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांचे हात धरून उभा असतो, इतका दाटीवाटीनं की आत कशालाच शिरकाव नसतो. इथे दर दोन शेजाऱ्यांच्या मध्ये बेंझीनच्या दोन कड्या बसवल्या. शेजारी लांब सरकले, सांगाडा तसाच राहिला आणि मधे पोकळ्या झाल्या. अशा पदार्थांना सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमर म्हणतात. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे ते बनतात, म्हणून वजनाच्या मानानं आत जागा भरपूर.

हानिकारक वायू धरायला हे पदार्थ उपयोगी, कारण वायू या भिंतींना चिकटून बसतो. याला अधिशोषण म्हणतात. पण भोक बरोबर मापाचं ठेवलं की नको तो वायू आपोआप गाळला जाईल, असं वाटत असेल तर ते तितकं सोपं नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुमारे ०.३३ नॅनोमीटरचा आणि नायट्रोजनचा ०.३६. एवढ्याशा फरकावर चाळण लावणं कठीण. त्यामुळे भिंतीलाच त्या वायूची ओढ असावी लागते. २०१० मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी आणि सहकाऱ्यांनी हे अमोनियाच्या बाबतीत दाखवलं. त्यांच्या सीओएफ-१० या पदार्थाच्या (सीओएफ म्हणजे कोव्हॅलंट ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, शिस्तीत विणलेला सेंद्रिय सांगाडा) भिंतीत बोरॉन असतो. बोरॉनला इलेक्ट्रॉनांची चणचण असते आणि अमोनियाकडे द्यायला जोडी असते. एक किलो भुकटीनं पाव किलोभर अमोनिया धरला. तापवून, निर्वातात ठेवून तो परतही काढता आला.

पण या बोरॉनच्या सांगाड्याचं पाण्याशी वाकडं. ओल लागली की सांधे सुटू लागतात. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण या क्षेत्राची खरी अडचण तिथेच आहे.

कोट्यवधी रेणू एकमेकांना जोडताना काही चुकीच्या जागी जोडले जाणारच. रचना शिस्तीत हवी असेल, तर चुकलेला सांधा सुटून पुन्हा जुळायला हवा. म्हणजे रेणूंच्या गाठी सुरगाठी हव्यात. पण जी गाठ घडवताना सुटते, ती वापरतानाही सुटते. आणि जिथे हानिकारक वायू धरायचे, त्या धुरात, हवेत ओल तर असतेच. पहिल्यापासून निरगाठ मारली, तर पदार्थ टिकतो, पण शिस्त जाते. पीएएफ-१ आणि त्याच्या जातीच्या पदार्थांचं बहुतांशी असंच आहे: सांधे पक्के, मांडणी विस्कळीत.

यातून वाट काढली ती पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. राहुल बॅनर्जी यांच्या गटानं २०१२ मध्ये दोन टप्प्यांची युक्ती केली. आधी सुरगाठ: आल्डिहाइड (ऑक्सिजनवाला रेणू) आणि अमाइन (नायट्रोजनवाला रेणू) एकत्र आले की होणारा बंध, जो चुकला तर सुटतो. रचना जुळत असतानाच दुसरा टप्पा येतो. एक हायड्रोजन ऑक्सिजनला सोडून शेजारच्या नायट्रोजनवर जातो. बस्स, एवढंच. पण त्या उडीनंतर मागे फिरणं नाही, सुरगाठीची निरगाठ होते. हा पदार्थ उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टिकला. गुंठ्यांत मोजलं तर तो लहानच, ग्रॅममागे पाचेक गुंठे. माझ्या मते तरीही हे पाऊल त्या एक एकर पंधरा गुंठ्यांपेक्षा मोठं होतं. तिथे सांधे पक्के होते, पण शिस्त नव्हती; इथे दोन्ही एकत्र आलं.

याच गटाचं २०१७ मधलं काम मला अधिकच आवडतं. असे पदार्थ करायचे म्हणजे काचेच्या बंद नळीत १२० अंशांवर तीन-तीन दिवस ठेवायचे, अशी रीत होती. यांनी कच्चा माल, एक आम्ल आणि थोडं पाणी एकत्र मळलं, त्या गोळ्याला आकार दिला आणि भाजला. अगदी कुंभार माती मळतो आणि भाजतो तसं. या पद्धतीला नावही त्यांनी टेराकोटा असंच दिलं. दिवसांचं काम मिनिटावर आलं, आणि काही पदार्थांत ग्रॅममागे ३,००० चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग मिळाला.

धरलेला वायू सोडवणं हा पुढचा खर्च. चिमणीच्या धुरासाठी अमाइनची द्रावणं पूर्वीपासून वापरात आहेत, पण वायू परत काढायला ती १२० अंशांच्या आसपास तापवावी लागतात आणि त्यात बरीचशी उष्णता नुसतं पाणी तापवण्यात जाते. २०२४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात याघींच्या गटानं सीओएफ-९९९ केला. भक्कम कार्बन-कार्बन सांध्यांच्या सांगाड्यात अमाइनच्या साखळ्या वाढवल्या आणि त्यातून बाहेरची साधी हवा सोडली. धरलेला कार्बन डायऑक्साइड ६० अंशांवर सुटतो, म्हणजे गच्चीवरच्या सोलर हीटरच्या पाण्याइतक्या तापमानाला. शंभर वेळा धरून-सोडूनही तो थकला नाही. आणि हवेत ओल असली की तो कोरड्या हवेतल्यापेक्षा दुपटीनं वायू धरतो! कोरड्यात एका रेणूला धरायला दोन अमाइन लागतात. पाणी मदतीला आलं की एकावर भागतं. जे पाणी वैरी होतं, ते इथे हाताखाली आलं.

संशोधकांच्या हिशेबानं २०० ग्रॅम सीओएफ-९९९ वर्षाला २० किलो कार्बन डायऑक्साइड धरू शकतो. कोळशावर एक युनिट वीज करताना सुमारे एक किलो बाहेर पडतो. म्हणजे या भुकटीची वर्षभराची मेहनत वीस युनिटांची. हा आकडा पाहून मी बराच वेळ थांबलो होतो. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तर चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांच्या धुरात तो दहा टक्क्यांहून जास्त, म्हणून आधी चिमणीपाशीच धरणं हिशेबाचं. पण त्या धुरात सल्फर डायऑक्साइडही असतो. तो अमाइनला असा चिकटतो की सहजी सुटत नाही, आणि ओलीत मिसळून आम्ल बनतो. चिमणीसाठीच्या भुकटीत अमाइनची जागा काय घेणार यावर अजून काम चालू आहे. तिचे सांधे मात्र उकळत्या पाण्याला आणि तीव्र आम्लालाही न सुटणारे लागतील, पाषाणला बांधले होते तसे.