पाच मिलिमीटरचे पैसे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवर चार पोर्टांचा यूएसबी चार्जर दोनशे रुपयांत मिळतो. तेवढ्याच पोर्टांचा दुसरा, दिसायला जवळपास जुळा भाऊ, आतल्या दुकानात दीड-दोन हजारांना. वरचे पैसे कशाचे? थोडे नावाचे, हे खरंच. पण बरेचसे रिकाम्या जागेचे.

घरातली वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण ते एका अर्थाने सरासरीचं माप. लाटेचा माथा ३२५ व्होल्टला टेकतो, आणि चार्जरमध्ये शिरून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, झालेली वीज त्याच्याच आसपास असते. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून पेढ्याएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवायची, की तिकडे ५ ते २० व्होल्ट मिळतात. या पलीकडच्या बाजूला आपला फोन असतो आणि बरेचदा फोनला चिकटलेला आपला कान.

म्हणून चांगला चार्जर उघडला तर सर्किट बोर्डावर दोन मुलूख दिसतात आणि मधे सुमारे ५ मिलिमीटरची ओसाड पट्टी. तिथे तांब्याची रेघसुद्धा नाही. काही ठिकाणी तर बोर्डाला आरपार खाच पाडलेली असते. व्होल्टेज किती झालं हा निरोपही तारेने जात नाही. ऑप्टोकपलर नावाचा चिमुकला भाग तो प्रकाशाने पाठवतो. ट्रान्सफॉर्मरच्या एका वेटोळ्याची तार तिहेरी आवरणाची.

फुगलेला म्हणून मी उघडलेल्या दोनशेवाल्यात ही पट्टी जेमतेम मिलिमीटरभर होती. कोरड्या दिवसांत तेवढीही चालून जाते. पण पावसाळ्यात धूळ आणि दमट हवा मिळून बोर्डावर ओलसर थर धरतो, किंवा एखादी मुंगी आत जाऊन मरते, आणि मग ३२५ व्होल्टना पलीकडे जायला पूल मिळतो. पोर्ट चार असले तरी ट्रान्सफॉर्मर बहुधा एकच, त्यामुळे चारही फोन एकदम सापडतात.

पट्टी ओलांडणारा एक भाग मात्र मुद्दाम ठेवतात, विजेतला गोंगाट (नको असलेले चढउतार) दाबणारा वाय-कॅपॅसिटर. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरलाही धातूचा फोन लावून हलकं बोट फिरवलं की झिणझिण्या येतात, त्या याच्याच. २.२ नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर वाहतो. त्याला घाबरू नये. खरा वाय-कॅपॅसिटर बिघडला तर वाट तोडेल अशा बेताने बनवतात. काही रुपये वाचवायला त्याच्या जागी साधा बसवला, तर तो बिघडताना वाट जोडूही शकतो.

वॅटच्या आकड्याला मी एवढा मान देत नाही. फोन त्याला हवे तेवढेच वॅट ओढतो. १०० वॅटचा चार्जर त्याच्या घशात काही कोंबत नाही. लॅपटॉप नसेल तर तिथे खुशाल पैसे वाचवावेत. फक्त बारीक अक्षरं वाचावीत. चार पोर्टांवर प्रत्येकी २.४ अँपिअर छापलेलं असतं आणि खाली एकूण ५ व्होल्ट, ३.१ अँपिअर. म्हणजे सगळे मिळून साडेपंधरा वॅट. चार फोन लावले की रात्रभर रडतखडत चार्जिंग, आणि डबीचा तवा. उष्णता आतल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्याला, खाते: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. गादीवर, उशीखाली चार्जर ठेवणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

दुकानात उघडून बघू देत नाहीत. तिथे हाती लागतो तो बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक, ‘आर’ने सुरू होणारा. छापायला काय, कोणीही छापतो. म्हणून तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून कोणाच्या नावावर, कुठल्या वस्तूसाठी आहे ते पाहायचं. माझ्या त्या फुगलेल्या चार्जरवरही क्रमांक होता. अ‍ॅपमध्ये टाकला, तर तो निघाला एलईडी दिव्याचा.