गाळपेर जमिनीत चारा घ्यायचाय? अर्ज कुठे अडतो ते आधी पाहा

तलावाचं पाणी ओसरलं की उघडी पडते ती गाळपेर जमीन. ती धरणासाठी संपादित झालेली असते, म्हणजे मालकी जलसंपदा विभागाची किंवा त्या खोऱ्याच्या पाटबंधारे महामंडळाची. तरी लोक अर्ज तलाठ्याकडे नाहीतर ग्रामपंचायतीत देतात आणि तो तिथेच पडून राहतो. घोळ होतो तो गायरानाशी. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली गायरान गावच्या गुरांच्या चराईला राखलेलं असतं, ते चाऱ्याच्या पेरणीला मागायची जमीन नव्हे. गाळपेरासाठी धरणाची सिंचन शाखा किंवा उपविभाग गाठा.

आधार, रहिवासी पुरावा, पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला ही कामं एका दिवसाची.

खरी अडचण निवाड्याची, म्हणजे भूसंपादनाच्या वेळी कोणाची जमीन गेली आणि मोबदला किती हे ठरवणाऱ्या आदेशाची. वाटपात पहिला हक्क त्याच धरणात जमीन गेलेल्यांचा, पण निवाड्यात नाव आजोबांचं. खिडकीवर सातबारा मागतात. त्यावर आता विभागाचंच नाव आहे, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असतं! म्हणून संपादनाच्या वेळचा जुना फेरफार काढा. त्यात बहुधा निवाड्याचा किंवा भूसंपादन प्रकरणाचा क्रमांक सापडतो. तो हाताशी असेल तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळते. नुसत्या गावाच्या नावावर शोधायला लावलंत तर हेलपाटेच. जोडीला शपथपत्रावर वंशावळ आणि मधल्या पिढ्यांचे मृत्यू दाखले. निवाड्यात ‘रामा’ आणि मृत्यू दाखल्यात ‘रामचंद्र’ असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच लावा, त्रुटीच्या पत्राची वाट पाहू नका. प्रकल्पग्रस्त दाखला बऱ्याच घरांत नोकरीसाठी एका भावाच्या नावे झालेला असतो. त्याची प्रत जोडा, पण भिस्त निवाड्यावर आणि वंशावळीवर ठेवा.

दुसरी चूक तारखेची. जमीन दिसायला लागली की अर्ज करू, असं म्हणत लोक थांबतात. गाळपेर वाटपाची नोटीस मात्र तळ्यात पाणी असतानाच लागू शकते. रब्बीचं आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुरू झालं की शाखेच्या फलकावर नजर ठेवा, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

जमीन मिळते ती त्या हंगामापुरती. कितीही वर्षं कसली तरी मालकी लागत नाही. चाऱ्याचा मका कापणीला साधारण 60 ते 70 दिवस घेतो. मृगाच्या पावसाआधी वैरण घरी यायला हवी, म्हणजे पेरणी मार्चअखेर उरकली पाहिजे. एप्रिल उजाडल्यावर ताबा मिळाला तर दिवस मोजूनच बियाणं घ्या.

आणि मोटर. गाळपेर मंजूर झालं म्हणजे उरलेल्या डोहातून पाणी उपसायची मुभा मिळाली, असं नाही. उपशाची परवानगी वेगळी, महाराष्ट्र सिंचन अधिनियम 1976 खालची. ती नसेल तर मोटर जप्त होते आणि पुढच्या वर्षीचा अर्जही अडतो. धरणाच्या मातीच्या भिंतीवर गुरं चारायला नेऊ नका, खुरांनी भराव ढासळतो; तिथे गाळपेराचा कागद दाखवून काही उपयोग होत नाही.