मराठी चित्रपटाचं अनुदान: कोल्हापुरातल्या निर्मात्यानं कागद कधीपासून जमवावेत

चित्रपट तयार होतो, सेन्सॉर होतो, थिएटरला लागून उतरतोसुद्धा, आणि मग निर्माता विचारतो, "अनुदानाचा फॉर्म कुठं मिळतो?" कोल्हापुरात हा प्रश्न मी फार वेळा ऐकलाय. फॉर्म शेवटी भरायचा असतो हे खरं, पण त्याला जोडायच्या कागदांतले निम्मे पहिल्या शॉटच्या आधी हातात यावे लागतात. नंतर ते कुणी देत नाही.

दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची ही योजना राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाची. ती राबवतं गोरेगावचं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ. आपल्या मोरेवाडीची चित्रनगरीही याच महामंडळाची. परीक्षण समिती चित्रपट पाहते, गुण देते आणि दर्जा ठरतो. 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख अशी रक्कम आहे. नियम शासन निर्णयाने बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी लागू असलेला निर्णय आधी अक्षर न् अक्षर वाचा. आणि हा पैसा चित्रपट पूर्ण झाल्यावर येतो. 'अनुदान मिळेलच' असं धरून व्याजानं पैसे उचलू नका.

अर्ज कुणाच्या नावानं?

आपल्याकडं बहुतेक चित्रपट चार मित्रांच्या पैशांवर उभे राहतात. एकानं उसाचं बिल घातलेलं, दुसऱ्यानं प्लॉट विकलेला, आणि सगळं तोंडी. पुढं सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर एकाचं नाव, शीर्षकाची नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, बँक खातं तिसऱ्याचं, असं झालं की अर्ज अडलाच म्हणून समजा. म्हणून सुरुवातीलाच भागीदारीपत्र किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची नोंदणीकृत भागीदारी) करा आणि त्याच नावानं पॅन व खातं काढा. शीर्षकाची नोंदणीही त्याच नावावर. ही नोंदणी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात, म्हणजे निर्माते-कलावंतांच्या संस्थेत होते. तिचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे, त्यासाठी मुंबई गाठायला नको. लेखक, संगीतकार, दिग्दर्शक यांचे करारही शूटिंगआधीच सह्या होऊन फाइलला लागले पाहिजेत.

सेन्सॉर कुठं अडतं

सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल तर अनुदानाचा विषयच संपला. त्याचा अर्ज सेन्सॉर बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन प्रकार झालेत. पटकथा, गाण्यांचे शब्द, कथासार हे सगळं मुलखाचं सोपं. खरी अडचण जनावरांची.

समजा, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नायक म्हशीची धार काढतो असा प्रसंग आहे. गावात रोज दिसणारं दृश्य, पण पडद्यासाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात, बल्लभगडला. जनावर कोणतं, वय किती, त्याच्याकडून काय करून घेणार, किती वेळ, हे लिहून द्यायचं. सोबत पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला आणि मालकीचा पुरावा. शूटिंग झाल्यावर ते दृश्य दाखवून मंडळाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते सेन्सॉरला जोडायचं. पूर्वपरवानगी नसलेलं दृश्य गाळायची वेळ येते, आणि त्यात कथेचा गाभा असेल तर चित्रपटाचीच वाट लागते. पटकथा पक्की झाली त्याच आठवड्यात जनावरांची यादी करा.

लहान मुलं

याकडं सर्रास दुर्लक्ष होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हा नियम त्या पोरांसाठी आहे. १४ वर्षांखालच्या कलाकारासाठी जिथं शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. निर्मात्यानं बालकामगार नियमांतल्या 'फॉर्म सी'मधलं हमीपत्र द्यायचं, पालकांची संमती जोडायची. परवानगी ६ महिने चालते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती द्यायचीच, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. दर ५ मुलांमागे एक जबाबदार माणूस सेटवर हवा. मानधनातले किमान २० टक्के थेट मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. त्या ठेवीची पावती आपल्या फाइलला लावून ठेवा.

लोकेशनचं थोडक्यात: रंकाळ्यासाठी महानगरपालिका, अंबाबाई आणि जोतिबाच्या देवळांसाठी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती, राधानगरीच्या जंगलासाठी वनविभाग. पन्हाळ्यावरच्या संरक्षित वास्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची वेगळी परवानगी लागते, स्थानिक ओळखीवर ते काम होत नाही. ड्रोन उडवायचा तर तो कुठं उडवता येतो हे दाखवणारा 'डिजिटल स्काय' या सरकारी पोर्टलचा नकाशा आधी बघा. उजळाईवाडीचा विमानतळ चित्रनगरीपासून लांब नाही.

हिशोब

निर्मितीखर्चाचं विवरण सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं, आणि तो वहीतल्या आकड्यांवर सही करत नाही. जेवणावळ, गाड्या, लाइटवाले, ज्युनियर आर्टिस्ट, सगळ्यांची बिलं रोजच्या रोज घ्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच द्या आणि टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) वेळेत भरा. या एका कामासाठी सेटवर हिशोबाचा वेगळा माणूस ठेवा. प्रॉडक्शन मॅनेजरला त्यात गुंतवू नका, त्याला दिवसभर श्वास घ्यायला फुरसत नसते.

अर्ज देताना मूळ कागद नेऊन दाखवा, पण जमा करायला साक्षांकित प्रतींचे दोन संच ठेवा आणि तिसऱ्या संचावर तारखेसह पोच घ्या. गोरेगावहून त्रुटीचं पत्र आलं की ते बहुधा ईमेलवर येतं. अर्जात ऑफिस बॉयचा नाही, निर्मात्याचा स्वतःचा, रोज उघडला जाणारा ईमेल लिहा.