माणसे तोलताना माप कुणाचे?

'आपल्यावरून जग ओळखावे' असे आपण सहज म्हणून जातो. ही ओळख नेमकी कशी घडते, याचे मानसशास्त्रातले पहिले गाजलेले उत्तर फ्रॉइडचे. 1890 च्या दशकात त्याने 'प्रक्षेपण' ही कल्पना मांडली: स्वतःपाशी कबूल करवत नाही तो दोष माणूस दुसऱ्याच्या माथी मारतो. उत्तर चटकदार होते, पण पुरावा मिळेना.

1931 मध्ये डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना परीक्षेतल्या कॉपीबद्दल विचारले. स्वतः जास्त कॉपी केल्याचे सांगणाऱ्यांना इतरही जास्त कॉपी करत असतील असे वाटत होते. पण या मुलांनी आपली कॉपी तर कबूलच केली होती! लपवलेले काहीच नसताना प्रक्षेपण कशाचे? पुढे डेव्हिड होम्सने 1968 आणि 1978 मध्ये सगळे प्रयोग तपासून हाच मुद्दा लावून धरला. आपल्याला ठाऊक असलेले गुणदोष आपण इतरांत पाहतो, याला आधार सापडतो. ठाऊक नसलेल्यांबाबत तो जवळजवळ सापडत नाही.

मोजमापातही एक खोच होती, ती 1955 मध्ये ली क्रोनबाखने दाखवली. समजा एखादा सात गुणांच्या पट्टीवर स्वतःला सहा देतो आणि भेटेल त्यालाही सहाच. कागदावर 'हा इतरांना आपल्यासारखे समजतो' असे दिसेल. प्रत्यक्षात त्याचा हात सैल आहे, एवढेच. या सवयीचा परिणाम वेगळा न काढता केलेल्या जुन्या अभ्यासांवरचा विश्वास त्यामुळे डळमळला.

1977 चा ली रॉस आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना अंगावर मोठी पाटी अडकवून आवारात हिंडायला सांगितले. तयार झालेल्यांच्या अंदाजाने सुमारे 62 टक्के लोक तयार होतील; नाकारणाऱ्यांच्या अंदाजाने जेमतेम 33. याला 'खोटी सहमती' म्हणतात. हे नाव जरा अन्यायाचेच: हाती एकच नमुना, तो म्हणजे आपण, असेल तर त्यावरून अंदाज बांधणे अगदीच अडाणीपणाचे नाही, असा आक्षेप रॉबिन डॉजने 1989 मध्ये घेतलाच.

खरे वळण आले 1983 मध्ये. पावेल लेविकीने प्रश्नच बदलला: आपण दुसऱ्यात काय पाहतो हे बाजूला ठेवून त्याला तोलायला कोणता निकष उचलतो, हे त्याने पाहिले. ज्या गुणात माणूस स्वतःला चांगला मानतो, तोच गुण इतरांना पारखताना त्याच्या लेखी मोलाचा ठरतो. स्वतःला हुशार समजणारा आधी हुशारी पाहतो. स्वतःला प्रेमळ समजणारा आधी जिव्हाळा. एकाच उमेदवाराबद्दल दोन परीक्षकांचे टोकाचे मतभेद होतात ते बरेचदा इथे. दोघांनी पाहिलेले तेच असते, वजने वेगळी असतात.

डेव्हिड डनिंग आणि जेफ्री कोहेन यांनी 1992 मध्ये त्यात भर घातली. 'अभ्यासू' म्हणजे किती तास? शब्द मोघम असला की प्रत्येक जण आपल्याला सोयीची व्याख्या करतो. त्यातही बाजू सारख्या नाहीत. त्या बाबतीत वरचढ असलेले लोक इतरांत ठळक भेद करतात आणि मागे पडलेल्यांना कमी लेखतात. स्वतः कमी पडणारे साधारण सगळ्यांनाच सांभाळून घेतात. म्हणून निकष आकड्यांत आणि माणूस समोर येण्याआधी ठरवला, तर ही फट बरीच बुजते.

स्वप्रतिमेला धक्का बसला की मात्र आकडेही पुरत नाहीत. स्टीव्हन फाइन आणि स्टीव्हन स्पेन्सर यांनी 1997 मध्ये विद्यार्थ्यांना बुद्धिमत्ता चाचणीचा खोटा, वाईट निकाल दिला आणि मग एका उमेदवार तरुणीचे मूल्यमापन करायला लावले. ती ज्यू असल्याचे सूचित केले, तेव्हा त्यांनी तिला जास्त खाली ओढले, आणि तिला खाली ओढल्यावर त्यांचा स्वतःबद्दलचा आदर वाढलेला आढळला. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात काहींना आधी स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्याबद्दल लिहायला दिले होते. त्यांनी दिलेल्या गुणांत हा भेदभाव दिसला नाही.