मोटर निवडताना ती अडकवून पाहा

रोज सकाळी पडदा आपोआप उघडावा म्हणून मी खिडकीच्या वर एक छोटी मोटर बसवली होती. १२ व्होल्टची गिअर मोटर, तिला वीज पोचवणारा एक ड्रायव्हर आणि त्याला हुकूम देणारा एक कंट्रोलर, एवढाच पसारा. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी पडद्याची चुणी रॉडच्या कडीत अडकली. मी दुसऱ्या खोलीत होतो. जळक्या वार्निशचा वास आला म्हणून धावत गेलो, तर मोटर गप्प होती, तिला हात लावता येणार नाही इतकी ती तापली होती आणि ड्रायव्हरच्या काळ्या चिपवर फोड आला होता. नंतर मोटर उघडली. आतली तांब्याची तार नवी असताना मधाच्या रंगाची असते. ती कोळशासारखी काळी पडली होती.

मोटरच्या पाकिटावर छापलेले आकडे खोटे नव्हते. किती व्होल्ट, मिनिटाला किती फेरे, किती प्रवाह, सगळं बरोबर होतं. पण ते आकडे मोटर मजेत फिरत असतानाचे होते. मला हवा होता तो आकडा मोटर अडकल्यानंतरचा. तेव्हापासून मोटर असो, ड्रायव्हर असो की कंट्रोलर, विकत घेण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: फिरणारं चाक अडकलं तर ह्या वस्तूचं काय होईल?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजायला मोटरच्या आत डोकवावं लागतं. माझ्या मोटरच्या वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रोध २ ओहम होता. ओहमच्या नियमानुसार १२ व्होल्टला तिच्यातून ६ अँपिअर वाहायला हवेत. प्रत्यक्षात फिरताना ती अर्धा अँपिअरच घ्यायची. मग बाकीचा प्रवाह अडवत कोण होतं? मोटर स्वतःच. चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात व्होल्टेज निर्माण होतं, हे मायकल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं. मोटरमधली वाइंडिंग चुंबकांच्या मधोमधच फिरत असते, म्हणजे फिरणारी प्रत्येक मोटर त्याच क्षणी जनित्रही असते. तिने तयार केलेलं व्होल्टेज आपण दिलेल्या व्होल्टेजच्या विरुद्ध उभं राहतं. आपल्या १२ व्होल्टपैकी ११ व्होल्ट असे परतवले जातात आणि उरलेल्या १ व्होल्टवर २ ओहममधून अर्धा अँपिअर वाहतो.

आता शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, थांबवा. फिरणं संपलं, विरोध संपला. पूर्ण १२ व्होल्ट त्या २ ओहमवर पडतात, ६ अँपिअर वाहतात आणि ७२ वॅट खर्च होतात. काम काहीच होत नाही, त्यामुळे त्यातला प्रत्येक वॅट उष्णता होतो. घरगुती सोल्डरिंग आयर्न बहुधा २५ ते ६० वॅटचं असतं. त्याहून जास्त उष्णता अंगठ्याएवढ्या बंद डबीत कोंडली तर तारेवरचं वार्निश किती वेळ तग धरणार!

हा अडकल्यावेळचा प्रवाह घरच्या घरी काढता येतो. मल्टिमीटर ओहमवर लावा, मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा, शाफ्ट बोटाने थोडा थोडा फिरवून सात-आठ वेळा पुन्हा मोजा. फिरत्या वाइंडिंगला वीज देणारे ब्रश तिच्या कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या संपर्क-कड्यावर, कुठे टेकलेत त्यानुसार आकडा बदलतो. सगळ्यांत लहान आकडा धरा आणि पुरवठ्याचं व्होल्टेज त्याने भागा. एवढ्या कमी रोधात मीटरच्या तारांचाही रोध मिसळतो, म्हणून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो आधी वजा करावा. मला स्वतःला ह्या पाच मिनिटांच्या मोजणीवर कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त भरवसा वाटतो.

टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, बाबतीत गोंधळ उलट्या दिशेने होतो. इथे विक्रेते बहुतेक वेळा अडकल्यावेळचाच आकडा ठळक छापतात, कारण तो सर्वांत मोठा असतो. समजा २ किलोचं ओझं २ सेंटिमीटर त्रिज्येच्या पुलीने उचलायचं आहे. लागणारा टॉर्क झाला ४ किलो-सेंटिमीटर. ५ किलो-सेंटिमीटर छापलेली मोटर घेतली तर ती ओझं उचलेलही, पण जवळजवळ अडकलेल्या अवस्थेत कण्हत उचलेल आणि तापत राहील. ब्रशवाल्या गिअर मोटरकडून सतत काम घ्यायचं तर छापील टॉर्कच्या चौथ्या हिश्श्यावर थांबावं. म्हणजे ह्या कामाला १६ ची मोटर बरी. ओझं सोडल्यावर खाली घसरू नये असं वाटत असेल तर वर्म गिअरची, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारी, मोटर बघा. पुरेसा मोठा रिडक्शन असलेला वर्म गिअर मोटरकडून फिरतो, ओझ्याकडून उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज गेली तरी ओझं जागच्या जागी राहतं.

ड्रायव्हर निवडताना दोन आकडे समोर ठेवावेत: सतत किती अँपिअर आणि क्षणभर किती. टीबी६६१२ ही लोकप्रिय चिप क्षणभर ३.२ अँपिअर सोसते, पण सतत १.२ च. पाकिटावर मोठ्या अक्षरात कोणता आकडा येतो ते सांगायला नको. एल२९८ ही जुनी ड्रायव्हर चिप अजूनही जिकडेतिकडे दिसते. तिच्यात जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत आणि १ अँपिअर वाहताना दोन-अडीच व्होल्ट तिच्यातच खर्ची पडतात. ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला त्यातले जेमतेम साडेतीन-चार व्होल्ट मिळतात, बाकीच्यांनी ड्रायव्हरचा हीटसिंक तापतो. मॉसफेट ह्या नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरच्या ड्रायव्हरमध्ये हाच तोटा खूपच कमी असतो. आज नवीन काम सुरू करताना एल२९८ घेण्याचं एकही चांगलं कारण मला दिसत नाही. आणखी एक: ज्या ड्रायव्हरमध्ये प्रवाहाची मर्यादा ठरवता येते तो थोडा महाग असला तरी घ्यावा. माझ्या जळलेल्या मोटरला तेवढ्यानेच वाचवलं असतं.

पॉवर सप्लायकडे फार कमी लोक लक्ष देतात. मोटर प्रत्येक वेळी उभ्या अवस्थेतून सुरू होते, म्हणजे तो पहिला क्षण अडकलेल्या मोटरचाच असतो आणि ६ अँपिअरचा हिसका रोज बसतो. सप्लाय लहान असला तर व्होल्टेज खाली जातं, कंट्रोलर रिसेट होतो, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, मोटर पुन्हा चालू करतो, व्होल्टेज पुन्हा खाली. मोटर नुसती टकटक करत बसते आणि माणूस प्रोग्राममधली चूक शोधत रात्र काढतो. मोटरचा आणि कंट्रोलरचा पुरवठा वेगळा ठेवावा, दोघांची ग्राउंड तार मात्र एकत्र जोडावी, नाहीतर ड्रायव्हरला कंट्रोलरचा सिग्नल नीट कळत नाही.

ठरलेल्या छोट्या पावलांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटरची गोष्ट निराळी. ती अडकली म्हणून जळत नाही, कारण तिचा ड्रायव्हर प्रवाह ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. ए४९८८ ड्रायव्हरवर ही मर्यादा एका बारीक स्क्रूने ठरते. बोर्डवरचे प्रवाह मोजणारे सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील तर स्क्रूवर मोजलेले ०.८ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर. हे गणित न करता अंदाजाने स्क्रू फिरवला की एकतर ड्रायव्हर तापून बंद पडतो, नाहीतर मोटर पावलं चुकवते. आणि पाऊल चुकलं हे साध्या स्टेपरला कळत नाही. अडकून पन्नास पावलं वाया गेली तरी कंट्रोलर समजतो की आपण पोचलो. म्हणून सुरुवातीला एका टोकाच्या स्विचपर्यंत जाऊन शून्य ठरवून घेण्याची सवय लावावी. स्टेपरच्या नेमा १७ ह्या नावातला १७ म्हणजे तोंडाच्या चौकोनी पट्टीची १.७ इंचाची बाजू. त्यावरून ताकद कळत नाही. मायक्रोस्टेपने, म्हणजे एका पावलाचे बारीक भाग करून, हालचाल गुळगुळीत होते, पण एका सोळांश पावलाला मिळणारा टॉर्क पूर्ण पावलाच्या जेमतेम १० टक्के असतो, तेव्हा अचूकता सोळापट वाढली असं धरून चालू नये. शिवाय वीज चालू असताना स्टेपरची तार कधीही उपसू नये, त्या एका ठिणगीने ड्रायव्हर जातो.

सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या छोट्या सर्व्होबद्दल एवढंच: तो जागा धरून ठेवायला झगडत असतो, त्यामुळे अडकला की आपणहून जोर लावतच राहतो. प्लॅस्टिकच्या गिअरवाल्याचे दात आधी तुटतात, धातूच्या गिअरवाल्याची मोटर आधी जळते.

राहिला कंट्रोलर. अर्डुइनो उनो आर३ ह्या कंट्रोलर बोर्डच्या पिनला ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा आहे, २० च्या आत राहावं. तिच्यावर थेट मोटर लावायचीच नाही. पण कंट्रोलरचा भरवसा वेगाने किंवा मेमरीने ठरत नाही. तो सुरू होताना पिना कोणत्या अवस्थेत असतात, हे मी पहिल्यांदा बघतो. ईएसपी३२ ह्या कंट्रोलरच्या काही पिना सुरू होताना क्षणभर स्वतःच सिग्नल देतात. तिथे ड्रायव्हर जोडला असेल तर वीज आली की मोटर दचकते. ड्रायव्हरच्या इनपुटवर ग्राउंडकडे जाणारा १० किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि पिना विचारपूर्वक निवडल्या की हे थांबतं. दुसरं म्हणजे अर्डुइनोचं मिलिसेकंदांचं घड्याळ ३२ बिटांचं असतं आणि ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतं. वेळेची तुलना वजाबाकी करून केली असेल तर काही बिघडत नाही. आधीच्या वेळेत अवधी मिळवून तुलना केली असेल तर सात आठवडे उत्तम चाललेलं यंत्र एका दिवशी भलतंच वागतं.

हालचालीच्या टोकाला मोटर थांबवणाऱ्या लिमिट स्विचची जोडणी, न दाबता जोडलेल्या आणि दाबल्यावर तुटणाऱ्या संपर्कावर करावी. मग उंदराने तार कुरतडली तरी कंट्रोलरला स्विच दाबल्यासारखंच वाटतं आणि मोटर थांबते. उलट जोडणीत तुटलेली तार म्हणजे कधीच न दाबला जाणारा स्विच.

पडद्याची मोटर मी पुन्हा बसवली. नवा ड्रायव्हर प्रवाह २ अँपिअरवर रोखतो, पडद्याला उघडायला ९ सेकंद लागतात, म्हणून प्रोग्राममध्ये १२ सेकंदांची शेवटची मर्यादा आहे, आणि सप्लायच्या तारेत एक फ्यूज. बसवण्याआधी मोटर टेबलावर शिकंज्यात आवळली, शाफ्ट पकडीने धरला आणि वीज दिली. पकड हातात थरथरली, ड्रायव्हरमधून बारीक शीळ आली. बारा सेकंद मोजले. मोटरची वीज आपोआप तुटली. कवचावर बोट ठेवलं, ते कोमट होतं.