मोकळ्या दिवसाची आखणी : बाजार, जेवण आणि मैफल

आमच्या सहलींमध्ये मुद्दाम राखून ठेवलेल्या मोकळ्या दिवशी बहुतेक प्रवासी बाजारात फेरफटका, निवांत जेवण आणि रात्री संगीताचा कार्यक्रम असा बेत करतात. हा बेत आम्हालाही मनापासून आवडतो. परंतु तो सकाळपासून रात्रीकडे आखत गेले की बाजारात वेळ कसा गेला ते कळत नाही, जेवण उरकावे लागते आणि दमलेल्या पायांनी, हातात जड पिशव्या घेऊन सभागृह गाठावे लागते. म्हणून आमचा आग्रह आहे की, आधी मैफलीची वेळ पक्की करावी आणि तेथून उलट मोजत यावे.

तिकिटावर अनेकदा दोन वेळा छापलेल्या असतात: एक प्रवेशद्वार उघडण्याची आणि दुसरी कार्यक्रम सुरू होण्याची. आसनक्रमांक असलेल्या सभागृहात दुसरी वेळ सहसा काटेकोरपणे पाळली जाते आणि उशिरा येणाऱ्यांना एखादी रचना संपेपर्यंत, काही ठिकाणी तर मध्यंतरापर्यंत, बाहेरच थांबावे लागते. मोठी पिशवी आत नेण्यासही अनेक ठिकाणी मनाई असते. त्यामुळे खरेदी मुक्कामी ठेवून, हातपाय धुऊन, थोडे आडवे होण्यासाठी बाजार आणि जेवण यांच्यामध्ये एक तास अवश्य सोडावा. सर्वांत आधी हाच तास वगळला जातो, आणि संध्याकाळ बिघडते तीही बहुधा त्यामुळेच.

बाजारात सकाळी लवकर जावे. गर्दी कमी असते आणि विक्रेत्याला बोलायला सवड असते. पहिली फेरी काहीही न घेता मारावी. एकच वस्तू, त्याच रंगात आणि त्याच मापात दहा दुकानांत दिसली, तर ती घाऊक माल म्हणून आली आहे असे समजण्यास हरकत नाही. भावाची पाटी लावलेली असेल तर घासाघीस टाळावी. नसेल तर विनयाने विचारावे, पण घ्यायचे नसताना आकडा सांगू नये, कारण आपण सांगितलेला भाव विक्रेत्याने मान्य केल्यावर मागे फिरणे हा त्याचा अवमान ठरतो. रंगीत कापड घेताना पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून, विक्रेत्याची परवानगी घेऊन, कापडाच्या आतल्या कडेवर घासून पाहावे. रुमालावर रंग उतरला तर ते कापड इतर कपड्यांबरोबर धुता येणार नाही. मातीचे भांडे तळहातावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावे. भांडे चांगले भाजलेले आणि अखंड असेल तर खणखणीत नाद येतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर आवाज बद्द येतो. चकाकणाऱ्या लेपात शिसे असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते, म्हणून खाण्यासाठी सुरक्षित असल्याची खात्री मिळाली नाही तर असे भांडे केवळ शोभेसाठी वापरावे.

परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्राच्या पडद्यावर रक्कम कधीकधी दोन चलनांत दिसते आणि त्यांतील एक निवडायला सांगितले जाते. अशा वेळी नेहमी स्थानिक चलन निवडावे. आपल्या देशाचे चलन ओळखीचे असल्यामुळे बोट आपोआप तिकडे वळते, परंतु त्या पर्यायात विनिमयाचा दर आपली बँक ठरवत नाही आणि तो बहुधा महाग पडतो.

काही वस्तू मात्र कितीही आवडल्या तरी घेऊ नयेत. हस्तिदंत, समुद्री कासवाच्या कवचाचे दागिने, काही जातींचे प्रवाळ आणि वन्य प्राण्यांची कातडी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७३ साली स्वीकारलेल्या आणि १ जुलै १९७५ पासून अमलात आलेल्या ‘साइटीस’ या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींविषयीच्या करारानुसार बंदी किंवा निर्बंध आहेत. विक्रेत्याने पावती दिली म्हणून सीमाशुल्क विभाग ती वस्तू सोडत नाही. वाद्ये घेणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे: याच कराराच्या २०१९ च्या परिषदेनंतर शिसवीच्या बहुतेक जातींच्या तयार वाद्यांना परवान्याची गरज उरलेली नाही, मात्र ब्राझिलियन शिसवीला ही सवलत लागू नाही. बियाणे, रोपे आणि माती यांवर बहुतेक देशांत कडक नियम आहेत. मध, मुरंबा आणि अत्तर हे विमानतळावर द्रवपदार्थच मानले जातात आणि अनेक विमानतळांवर हातातील सामानात अशा १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या नेता येत नाहीत, तेव्हा त्या नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात.

जेवण कार्यक्रमाच्या किमान तासभर आधी संपेल असे बसावे आणि मैफलीची वेळ वाढप्याला सुरुवातीलाच सांगावी. जेथे गिऱ्हाइकांची सतत ये-जा असते तेथे अन्न पडून राहत नाही. शिजवलेले अन्न वाफाळते, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर, असावे आणि सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ उघडे राहिलेले अन्न टाळावे. एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असल्यास ते स्थानिक भाषेत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. आम्ही ती आधी तयार करून देतो.

मैफलीत कानांची काळजी घेण्याबाबत आम्ही विशेष आग्रही आहोत, कारण एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मापदंडानुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन करता येतो आणि दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीतस्थळांसाठी १०० डेसिबल सरासरीची कमाल मर्यादा सुचवली आहे, पण ती सर्वत्र पाळली जातेच असे नाही. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर ध्वनिक्षेपकांपासून दूर जागा घ्यावी आणि कानात बोळे घालावेत. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा फारसे काही अडवत नाही. लहान मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे आवरण आणावे. कार्यक्रमानंतर कानात होणारा गुंजारव दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मैफलीला निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी आणि मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून घ्यावा, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते. मुक्कामी पोहोचल्यावर, कितीही उशीर झाला असला तरी, गटप्रमुखांना एक संदेश पाठवावा. तो येईपर्यंत ते जागे असतात.