दोन रेषा उमटल्या, म्हणजे मका चांगला

मागच्या हंगामात कोंबडीखाद्याच्या एका कारखान्यात गेलो होतो. दारात मक्याचा ट्रक उभा, आत टेबलावर मक्याच्या अर्कात बुडवलेली कागदी पट्टी. पाच-सात मिनिटांत पट्टीवर दोन लाल रेषा उमटल्या आणि माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा चेहराच उतरला. “दोन आल्या, म्हणजे पॉझिटिव्ह ना?” कोविडच्या घरगुती किटने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसवलेला हा हिशेब. तपासणारी मुलगी म्हणाली, “नाही काका, इथे उलटं असतं. दोन रेषा म्हणजे माल पास.” उलटं का, हे सांगायला तिला वेळ नव्हता. ते मला सांगायचं आहे, कारण त्या उलटेपणात फार सुंदर रसायनशास्त्र दडलंय.

पट्टी शोधत होती अफ्लाटॉक्सिन. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी हे विष तयार करते आणि तिच्याच नावावरून त्याला नाव मिळालं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून जास्त पिल्लं मेली. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत माग लागला आणि हे विष सापडलं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका आदिवासी कुटुंबांच्या पोटात गेला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यांच्या घरचं अन्न खाणारी कुत्रीही मेली. थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात गेलं तर याच विषाने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाकरी भाजली, दाणे खरपूस केले, तरी ते पुरतं जात नाही. बुरशी मरते, विष उरतं.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने धान्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. दहा टनांच्या ट्रकात १५० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. कागदाची पट्टी हे ओळखते कसं?

कोविडचं प्रथिन आकाराने मोठं. एक प्रतिपिंड (अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन) त्याला एका बाजूने धरतं, दुसरं दुसऱ्या बाजूने. या दोघांच्या मध्ये विषाणूचं प्रथिन अडकलं की रेषा उमटते. अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकाराचा रेणू मात्र इवलासा. त्याचं वजन ३१२ डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), तर प्रतिपिंडाचं सुमारे दीड लाख, म्हणजे जवळजवळ पाचशे पट. तो प्रतिपिंडाच्या खाचेत अख्खा गडप होतो, दुसऱ्या प्रतिपिंडाला धरायला जागाच उरत नाही. म्हणून इथे पकडापकडी सोडून स्पर्धा लावतात.

पट्टीवरच्या चाचणी-रेषेवर अफ्लाटॉक्सिन आधीच चिकटवून ठेवलेलं असतं, तेही गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडून. धान्याच्या अर्कात सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेली प्रतिपिंडं मिसळतात. आपल्या ओळखीचं सोनं पिवळं, पण त्याचे वीस-चाळीस नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण हिरवा प्रकाश शोषतात आणि कुंकवासारखे लाल दिसतात. धान्यात विष नसेल तर प्रतिपिंडांच्या खाचा रिकाम्या असतात. ती कागदातून वर चढतात, रेषेवरच्या अफ्लाटॉक्सिनला धरून बसतात, सोनं साचतं, रेषा लाल होते. धान्यात विष असेल तर खाचा वाटेतच भरतात. एसटीच्या सीटवर आधीच कुणाचा तरी रुमाल पडलेला असावा, तसं. अशी प्रतिपिंडं रेषेपाशी न थांबता पुढे निघून जातात आणि रेषा पुसट होते किंवा उमटतच नाही. वरची दुसरी रेषा रिकामी-भरलेली सगळीच प्रतिपिंडं पकडते. ती उमटली नाही तर पट्टीच बिघडलेली.

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. ही चाचणी तीक्ष्ण करायची तर प्रतिपिंडं मुद्दाम कमी घालावी लागतात! जास्त घातली तर थोडं विष काही खाचा भरेल, बाकीच्या रिकाम्याच राहतील आणि रेषा ठसठशीत उमटेल. टंचाई केली तरच कणभर विषाचा परिणाम दिसतो. आणि ही प्रतिपिंडं मिळवणंही सोपं नाही. ती उंदराच्या शरीरात तयार करून घेतात, पण इतक्या लहान रेणूची ते शरीर दखलच घेत नाही, म्हणून तो मोठ्या प्रथिनावर बसवून टोचावा लागतो. मग एकाच पेशीच्या वंशातून एकसारखी प्रतिपिंडं हवी तितकी काढता येतात. ही युक्ती कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण पट्टी कितीही चांगली असली तरी ती तिच्यापुढे ठेवलेल्या चमचाभर अर्काबद्दलच बोलते. बुरशी सगळ्या पोत्यात सारखी पसरत नाही. शेंगदाण्याच्या एकेका दाण्यात ग्रॅममागे एक मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन सापडलेलं आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा ३३ किलो निर्मळ शेंगदाण्यांना १५ च्या मर्यादेवर नेऊन ठेवतो. मूठभर नमुन्यात तो दाणा आला तर माल नापास, नाही आला तर पास. म्हणून ट्रकच्या वेगवेगळ्या जागी, वर-खाली, पोकळ सळई खुपसून दाणे काढायचे, काही किलो जमवायचे, सगळे बारीक दळायचे, नीट कालवायचे आणि मगच त्यातलं थोडं मिथेनॉल-पाण्यात हलवून अर्क काढायचा. चाचणीतली सगळ्यात मोठी चूक इथेच होते, पट्टीत नाही.

यामुळेच मोबाइलवर फिरणारे उपाय वाचून मला राग येतो. दाणे मिठाच्या पाण्यात टाका, तरंगले तर विषारी. फोटो काढा, ॲप विष सांगेल. कॅमेऱ्याला बुरशीचा रंग दिसतो, विष दिसत नाही. बुरशी असून विष नसू शकतं, आणि दाणा पुसून चकचकीत केला तरी आत विष असू शकतं. अतिनील दिव्याखाली फुटक्या मक्याच्या दाण्यात चमकणारा हिरवट-पिवळा रंगसुद्धा अफ्लाटॉक्सिनचा नसतो. बुरशीच्याच कोजिक आम्लापासून तो तयार होतो. त्यावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

त्या दिवशी दुसऱ्या ट्रकची चाचणी-रेषा पुसट आली. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, दुसरी पट्टी लावून बघा ना.” तिने पट्टीचा डबा उघडलाच नाही. सळई उचलली आणि पुन्हा ट्रकवर चढली.